कोऱ्या गाडीच्या जुन्या तारखा

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या भाचा सरळ लाल गाडीकडे गेला आणि मी तिच्या पुढच्या चाकाशी फरशीवर बसलो. माझा गुडघा धरला की काय असं वाटून सेल्समन पोरगा खुर्ची घेऊन धावत आला. खुर्ची नको होती. मोबाइलचा टॉर्च लावून मी टायरच्या कडेवरची एक ओळ शोधत होतो. 'डीओटी' या अक्षरांनी ती सुरू होते आणि तिच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे असतात. कधी ते टायरच्या आतल्या बाजूला जातात, मग मान वाकडी करावी लागते. इथे समोरच होते : १४२५. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०२५ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिलची सुरुवात. आम्ही तिथे उभे होतो डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी.

"सर, गाडी बिलकुल नई है," पोरगा म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी जिची नोंदणी झालेली नाही ती गाडी नवी. माझ्या लेखी नवेपणाला तारीख असते, आणि गाडीवर ती एका नव्हे, दहा जागी छापलेली असते.

आमचं घर जवाहर चौकातलं. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा कचेऱ्यांच्या फायलींमागोमाग जी मराठी कुटुंबं इकडे आली त्यांतलं आमचं एक. शेजारच्या टीटी नगरातला 'टीटी' म्हणजे मूळचा येवल्याचा तात्या टोपे, हे मी भाच्याला दर भेटीत सांगतो आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो. स्मार्ट सिटीच्या कामात जुन्या सरकारी क्वार्टरांच्या ओळी गेल्या, बुलेवार्ड स्ट्रीट नावाचा रुंद रस्ता आला. पहिली नोकरी लागलेल्या भाच्याला गाडी हवी होती. चौकात पोहे-जलेबी खाऊन आम्ही जवळच नुकत्याच उघडलेल्या या शोरूममध्ये आलो होतो.

तारखांचं वेड मला उगाच लागलेलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका जानेवारीत गाडी घेतली. नव्या वर्षाची नवी गाडी म्हणून पेढे वाटले. पुढे ती विकायला काढली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने आरसीवर बोट ठेवलं. नोंदणी जानेवारीची, पण निर्मिती आदल्या वर्षीच्या मे महिन्याची. त्याने तिथल्या तिथे एका वर्षाचे पैसे कापले. ते आठ महिने माझी 'नवी' गाडी कुठल्या आवारात ऊन-पाऊस खात उभी होती कोण जाणे.

गाडी अशी उभी का राहते, हे समजायला कंपन्यांचा हिशेब थोडा उलगडावा लागतो. दर महिन्याच्या सुरुवातीला बातमी येते की अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या विकल्या. त्या विक्रीतलं गिऱ्हाईक सहसा तुम्ही-आम्ही नसतो, डीलर असतो. कारखान्यातून गाडी निघाली, डीलरच्या नावाने बिल फाटलं, की कंपनीच्या वहीत ती विकली गेली. घरी किती गाड्या गेल्या हा आकडा वेगळा. तो परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदण्यांवरून निघतो आणि डीलरांची संघटना 'फाडा' तो दर महिन्याला जाहीर करते. या दोन आकड्यांतली तफावत डीलरच्या आवारात उभी असते. २०२४च्या सप्टेंबरअखेर देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा माल साचल्याचं फाडाने सांगितलं : सुमारे ७.९ लाख गाड्या, किंमत ७९,००० कोटी रुपये. २१ दिवसांचा साठा पुरे, असं संघटनेचं म्हणणं.

डीलर ही गाडी बहुधा कर्ज काढून घेतो. समजा गाडी दहा लाखांची आणि व्याज नऊ टक्के. म्हणजे दिवसाला जवळपास २५० रुपये. ८५ दिवसांत एकवीस हजार गेले, आणि गाडी अजून दारातच. मग सेल्समनला वरून हुकूम येतो की आधी जुना माल काढा. डिसेंबरात 'इयर एंड ऑफर'चे फलक लागतात ते याच पोटदुखीमुळे, कारण ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता आवारातली प्रत्येक गाडी एका वर्षाने म्हातारी होते. सवलत घ्यायला माझी ना नाही. दहा वर्षं गाडी वापरणाऱ्याने जुन्या तारखेची गाडी स्वस्तात खुशाल उचलावी. पण तीन-चार वर्षांत बदलायची असेल तर ती सवलत विकताना परत द्यावी लागते. मुद्दा एवढाच की तारीख गिऱ्हाइकाला माहीत असावी आणि भाव तिच्यावरून ठरावा.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली, तेव्हा मागे लाखावर लोक दहा-दहा हजार भरून रांगेत होते. तेव्हा गाडी कोणत्या महिन्यात बनली हे विचारणं म्हणजे पंगतीत बसून भात कुठल्या शेतातला ते विचारण्यासारखं. आज रांगेत गाड्या उभ्या आहेत.

टायरची तारीख हा मात्र फक्त आडाखा. टायर आधी बनतो, मग गाडीला लागतो, म्हणजे गाडी टायरहून जुनी नसणार इतकंच त्यावरून कळतं. स्टेपनीसकट पाचही टायर एकमेकांच्या आसपासचे असले की बरं. एखादाच फटकून वेगळा निघाला तर का बदलला ते विचारायचं.

खरी गोष्ट सतरा अक्षरांत असते. चासी नंबर, म्हणजेच व्हीआयएन. काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर, किंवा सीटजवळचा गालिचा उचलला की पत्र्यावर कोरलेला सापडतो. आकडे आणि रोमन अक्षरं मिळून सतरा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोळ घालतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची : एमएटी असेल तर टाटा, एमए३ मारुती, एमए१ महिंद्रा. जपानात बनलेल्या गाडीचा नंबर जे-ने सुरू होतो, जर्मनीतला डब्ल्यूने, आपल्याकडचा एम-ने. मधली अक्षरं मॉडेल, बॉडी, इंजिन सांगतात, शेवटचे आकडे अनुक्रमांक. पुष्कळ कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर सालाचं : आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. ही बाराखडी तीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. महिन्याचं अक्षर कुठे ठेवायचं याची मात्र प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी, त्यामुळे ऐकीव सूत्रावर भरवसा ठेवू नये. सोपा उपाय म्हणजे सेल्समनकडून निर्मितीचा महिना आणि साल बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यायचं. पुढे आरसीवर तो छापून येणारच आहे. लिहून द्यायला कुणी का-कू केलं की समजायचं ते समजावं.

आमच्या पोराने का-कू केलं नाही. कॉम्प्युटरमध्ये बघून आला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मई की है, सर." पुन्हा मे! भाचा माझ्याकडे बघून हसला. त्याला ती जुनी गोष्ट पाठ आहे.

शोरूममध्ये मांडलेली गाडी तशीही घेऊ नये, असं माझं मत. दिवसाला पन्नास माणसं तिच्यात बसतात, दारं आपटतात, पोरं स्टिअरिंग पिळतात. इंजिन बंद असताना दिवे आणि स्क्रीन चालू ठेवून बॅटरी दमते. आणि तिथले दिवे! छतावरच्या पांढऱ्या झोतांत आणि चकाकीचं पाणी मारलेल्या टायरांत कुठलीही गाडी नवरीसारखी दिसते. शिवाय मांडलेली असते सगळ्यात महागडी, आणि शेजारच्या फलकावर 'से शुरू' या शब्दांच्या आधी किंमत असते सगळ्यात स्वस्त आवृत्तीची.

भाचा तोवर माहितीपत्रक वाचत होता. "मामा, याची लांबी ३९९५, त्याचीही ३९९५, त्या कोपऱ्यातल्या एसयूव्हीचीही ३९९५. सगळ्यांनी एकाच शिंप्याकडे माप दिलं होतं का?"

शिंपी आहे, आणि तो दिल्लीत अर्थ मंत्रालयात बसतो. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं गेलं आणि 'छोटी'ची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं, कंपन्यांनी फूटपट्टी हातात घेतली. टाटांनी २००८ साली इंडिगोची आखूड आवृत्ती काढली. मारुतीने २०१२ला डिझायरची शेपटी छाटली, ४१६० मिलिमीटरची गाडी ३९९५ वर आणली. मागून कुऱ्हाड मारल्यासारख्या डिकीच्या त्या सगळ्या सेडान सौंदर्यशास्त्रातून आलेल्या नाहीत, करपत्रकातून आल्या आहेत. जगात दुसरीकडे असा प्राणी क्वचितच दिसेल. इंजिनं बघा, ११९७ सीसी, ११९९ सीसी. १२०१ कुणी बनवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तरी ही रेघ तशीच राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. विजेवरच्या गाडीला ५. लांबीत सहा मिलिमीटर वाढले की कर दुपटीहून जास्त, मग पाच मिलिमीटरची माया कोण सोडणार?

मग टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाले नेहमी सपाट, रुंद रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. मी भाच्याला पॉलिटेक्निक चौराहा ओलांडून श्यामला हिल्सचा चढ घ्यायला लावला, तोही एसी लावून, चौघं बसवून. चढावर, दुसऱ्या गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर गाडी किती ओढते ते तिथे कळतं. माहितीपत्रकातली 'पॉवर' ही इंजिन जोरात पळत असतानाची गोष्ट. गावात कामाला येतो तो टॉर्क, आणि तोही किती फेऱ्यांवर मिळतो यावर सगळं आहे. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाला तो बहुधा चार हजार फेऱ्यांच्या पुढे पूर्ण लागतो, टर्बोवाल्याला दोन हजारांच्या आसपासच. पण टर्बोला जाग यायला क्षणभर लागतो, आणि चढावर थांबून निघताना तो क्षण पायाला जाणवतो. पोरगा मागून कमाल वेगाचे आकडे सांगत होता. ते आकडे इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या लंबगोल धावपट्टीवर तपासायला ठीक. भोपाळात न्यू मार्केटच्या गर्दीत त्यांचं काय लोणचं घालायचंय?

सुरक्षेचं मी एकच विचारलं : भारत एनकॅपचे तारे किती, आणि या आवृत्तीला किती एअरबॅग. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरून एका बाजूने अडथळ्यावर आदळवतात. पाच तारे हवे तर मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी किमान २७ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी किमान ४१ गुण लागतात. चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून तारे नसणं आणि शून्य तारे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी.

कोटेशनचा कागद आला. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. त्याखाली राज्याचा रोड टॅक्स, नोंदणी, फास्टॅग, विमा. गाडी दहा लाखांवर गेली तर एक टक्का टीसीएस, तो आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण पुष्कळ लोक तो बुडीत खात्यात धरतात. विम्याच्या ओळीवर थांबावं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो भाग सक्तीचा आणि दर ठरलेला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बाहेरून घ्यायला पूर्ण मोकळीक आहे. भाच्याने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर दुसरे दर काढले, आणि कोटेशनमधला विमा दोन मिनिटांत खाली उतरला. शेवटी 'हँडलिंग' नावाची एक ओळ होती. हे कशाचे, याची वेगळी पावती मिळेल का, असं विचारल्यावर पोरगा आत गेला आणि ती ओळ नसलेला नवा कागद घेऊन आला.

मग त्याने स्वतःच विचारलं, "सर, मेले का तो नहीं सोच रहे?"

हा खास मध्य प्रदेशचा पेच. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला. गेल्या काही वर्षांत राज्य सरकार या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट देत आलं आहे, त्यासाठी वेळोवेळी स्वतंत्र निर्णय होतो. २०२४ला उज्जैनच्या मेळ्यालाही ती मिळाली. बाहेरगावच्या डीलरला ग्वाल्हेरच्या आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष दुकान मांडावं लागतं, नोंदणीही तिथलीच. भोपाळच्या रस्त्यांवर एमपी ०४ च्या गर्दीत एमपी ०७ च्या इतक्या कोऱ्या गाड्या का दिसतात त्याचं हे एक उत्तर. आता गंमत बघा : डिसेंबरात भोपाळचं गिऱ्हाईक मेळ्याची वाट बघत हात आखडतं, आवारातला माल तसाच राहतो, आणि जानेवारीत मेळ्यात जी गाडी निम्म्या टॅक्सवर मिळते ती पुष्कळदा आदल्या वर्षीची असते. टॅक्समध्ये वाचलेलं तारखेत जातं की नाही, हे प्रत्येकाने आपापलं गणित मांडून बघावं. भाच्याचं ऑफिस जानेवारीतच शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होतं, त्याला थांबायचं नव्हतं.

"आवार दाखवा," मी म्हटलं. थोडी चुळबुळ झाली, मग घेऊन गेले.

शोरूमच्या गाडीला आरसा म्हणावं तर आवारातली गाडी म्हणजे माळ्यावरची पितळी भांडी. धुळीचा थर, काचेवर कडुनिंबाची पानं, वायपरखाली कागदाचे तुकडे. ब्रेकच्या चकत्यांवर नारिंगी गंज होता. त्याला घाबरायचं कारण नाही, ते ओतीव लोखंड आहे, चार वेळा ब्रेक मारले की साफ. मला बघायचा होता रंग. माझ्या खिशात रंगाची जाडी मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र असतं, बायकोच्या मते तो माझ्या वेडाचा दाखला.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, म्हणजे रंगाचे कण पत्र्याच्या सांदीकोपऱ्यात ओढले जाऊन चिकटतात. गंजापासून वाचवतो तो हाच पहिला थर. त्यावर प्रायमर, मग खरा रंग, मग पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट. सगळं भट्टीत भाजलेलं. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीचेही नाहीत. ट्रेलरवरून उतरवताना ओरखडा गेला की डीलरच्या कार्यशाळेत तेवढा भाग पुन्हा रंगवतात. तिथे कारखान्यासारखी भट्टी नसते, हात जाड पडतो. यंत्र नसलं तरी हरकत नाही. गाडी ट्यूबलाइटखाली घ्यायची आणि पत्र्यात तिचं प्रतिबिंब बघत सरकायचं. रेघ सरळ चालली असताना एका दारावर ती थरथरली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, की तिथे हात फिरलाय.

पहिल्या गाडीवर यंत्राने सगळीकडे ११०च्या आसपास आकडे दाखवले आणि डाव्या मागच्या दारावर एकदम २४०. पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा चेहराच पडला. त्याला खरंच माहीत नव्हतं. दार वाईट झालं होतं असं नाही, रंगाचं काम सफाईचं होतं. पण कोऱ्या गाडीचे पैसे देऊन दुरुस्त केलेलं दार कोण घेईल? आम्ही पुढे सरकलो. दुसरीच्या काचा पाहिल्या, सगळ्यांवर एकाच कारखान्याचं आणि सालाचं चिन्ह. टायर ४१२५, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कागदावर निर्मिती नोव्हेंबरची. रंगाचे आकडे ९८ ते १२०. लाल नव्हती, राखाडी होती. भाचा मिनिटभर गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "राखाडीवर धूळ कमी दिसते, नाही का मामा?"

बुकिंगच्या कागदावर मी तिचा सतरा अक्षरी नंबर स्वतः उतरवून घेतला. एकदा पुढून वाचला, एकदा मागून. घरी नेण्याच्या दिवशी रिबिनी, केक आणि पुठ्ठ्याच्या मोठ्या किल्लीच्या धांदलीत लोक हाच नंबर जुळवायला विसरतात, आणि फोटोतली गाडी वेगळी, आवारात निवडलेली वेगळी असं होतं. चाकाखाली लिंबू ठेवण्याआधी कागद आणि पत्रा एकदा ताडून बघायचा, एवढं भाच्याकडून कबूल करून घेतलं.

आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. शोरूमच्या पार्किंगमध्ये तो सेल्समन पोरगा स्वतःच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता, मोबाइलचा टॉर्च लावून. आम्हाला बघून त्याने हाक मारली.

"सर, एक मिनिट. सोलह उन्नीस मतलब?"

"२०१९. एप्रिल."

त्याने टायरवर अंगठा दाबून बघितला, भेगांवरून नख फिरवलं आणि मान वर न करता विचारलं, जवाहर चौकात रविवारी उघडं असणारं टायरचं दुकान कुठलं.